घुबड आणि रोबो: मिनेसोटाच्या थंडीत टिकतील असे हॅलोविनचे कॉस्च्युम

तुझा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी पाच वर्षांची, तिला घुबड व्हायचंय, मुलगा आठचा, त्याला रोबो, तुम्ही या वर्षीच मिनियापोलिसजवळ राहायला आलात, घरात शिलाई मशीन नाही, तुला बटण लावण्यापुरती हातशिलाई येते, हातात तीन आठवडे आहेत आणि नवरा म्हणतोय कशाला एवढा व्याप, विकत आण. मी ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत, बरीच वर्षं मुलांचे कॉस्च्युम शिवतेय, आधी घरच्या पोरांचे, मग शेजारपाजारचे, मग शाळेच्या नाटकांचे, त्यामुळे लिहायला बसले की आवरत नाही, लांबलं तर सांभाळून घे.

आधी डोक्यातून आपला फॅन्सी ड्रेस काढून टाक. गॅदरिंगमध्ये पोरगं विंगेतून येतं, ‘मी झाड आहे, मला तोडू नका’ म्हणतं, टाळ्या पडतात, खाली उतरतं, खेळ खलास. तिथे टाचण्या आणि चिकटपट्टीवर भागून जातं. इथे हॅलोविनला, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पोरं सोंग घेऊन घरोघर चॉकलेट मागत फिरतात, म्हणजे तेच अंगावर घालून पोर दीड-दोन तास रस्त्याने चालणार, अनोळखी घरांच्या पायऱ्या चढणार, एका हाताने बेल वाजवणार आणि दुसऱ्या हाताने चॉकलेटची पिशवी सावरणार, मध्येच शू लागणार, आणि हे सगळं अंधारात आणि थंडीत. ३१ ऑक्टोबरला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि खरी फिरायची वेळ तिथूनच सुरू होते. त्या वेळी हवा कधी कधी शून्य सेल्सिअसच्या आसपास असते. इथली जुनी माणसं १९९१ चं हॅलोविन अजून सांगतात, त्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झाला तो ३ नोव्हेंबरपर्यंत चालला आणि ट्विन सिटीजमध्ये २८ इंचांच्या वर पडला. दरवर्षी तसं होत नाही गं, पण जाकीट न घालता निघालेलं पोर तिसऱ्या घराशी रडायला लागतं हे मात्र दरवर्षी होतं, आणि मग आया कॉस्च्युमवर जाकीट चढवतात आणि परी, चेटकीण, वाघ सगळे एकसारखे निळ्या जाकिटातले दिसायला लागतात.

म्हणून माझा एकच हट्ट असतो, उबदार कपडा आधी ठरवायचा आणि सोंग त्याच्यावर चढवायचं. अंधारात दहा-बारा फुटांवरून समोरच्या माणसाला कळतं ते डोकं आणि आकार, बाकी बाहीची शिलाई कशी आलीय ते कुणी बघत नाही. डोक्यावर डोळे-चोच दिसली आणि हात पसरल्यावर पंख दिसले की झालं घुबड, खाली पँट कुठली का असेना. हे एकदा पटलं की निम्मं काम वाचतं, कारण आपल्याला अख्खा ड्रेस शिवायचाच नसतो, तयार हुडीवर चार गोष्टी टाचायच्या असतात आणि त्याला मशीन लागत नाही.

आता घुबड. तपकिरी नाहीतर करड्या रंगाची झिपवाली हुडी घे, नेहमीच्या मापापेक्षा एक-दोन साइझ मोठी, म्हणजे आत स्वेटर आणि पातळ जाकीट दोन्ही मावतील. थ्रिफ्ट स्टोअरला, म्हणजे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात, आधी बघ, ऑक्टोबरमध्ये तिथे मुलांच्या हुड्या ढिगाने असतात. आणल्या आणल्या टोपीतली नाडी ओढून काढून टाक, ही नाडी घसरगुंडीत, दारात, गाडीत कुठेही अडकते आणि गळ्याला फास बसतो, म्हणूनच इथे लहान मुलांच्या नव्या हुड्यांना टोपीला नाडी नसते, जुन्या कपड्यांत मात्र सापडते. याच कारणासाठी गळ्याशी बांधायच्या बंदांचा केप कधीच करायचा नाही, केप हवाच असेल तर गळ्याशी वेल्क्रो, कुणी ओढला तर सुटून हातात येईल असा.

पंखांसाठी फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार, उबदार कापड घे, एक यार्ड पुरतं. फ्लीसचा पन्हा साधारण ५८-६० इंचांचा असतो आणि त्याचा मोठा गुण म्हणजे कापल्यावर धागे सुटत नाहीत, म्हणजे कडा दुमडून शिवायला नकोत. पोरीला हुडी घालून, हात पसरून उभी कर आणि पाठीमागून या मनगटापासून त्या मनगटापर्यंत माप घे, पाच वर्षांच्या मुलीचं साधारण ३६ इंच भरेल. कापडाची घडी घालून तेवढ्या व्यासाचं अर्धवर्तुळ काप. सरळ बाजू वर येते, तिचा मधला भाग मानेमागे हुडीच्या शिवणीवर शिवायचा, आणि दोन्ही टोकांना इलॅस्टिकची छोटी कडी लावायची, ती मनगटात अडकते. काखेत आणि बाहीवर कुठेही शिवायचं नाही. तिथे शिवलंस तर हात वर करताना कापड ताणतं आणि पोरगी बेलपर्यंत पोचत नाही, शिवाय गाडीत बसताना, शाळेत खाताना कडी मनगटातून काढून पंख मागे सोडता आले पाहिजेत. पंखांची लांबी कमरेच्या जरा खालीच थांबव. लोळणारा पंख फोटोत झकास दिसतो पण पायऱ्यांवर पायात येतो, आणि दारात ठेवलेल्या कोरीव भोपळ्यात कुणीतरी अजून खरी मेणबत्ती लावतंच.

पिसं एकेक कापत बसू नकोस, त्यात जीव जाईल. उरलेल्या फ्लीसच्या, जुन्या टी-शर्टच्या, फाटक्या फ्लीसच्या पांघरुणाच्या तीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या काप आणि प्रत्येक पट्टीची खालची कड यू यू यू अशी नागमोडी कापत जा. मग पंखाच्या सगळ्यात खालच्या कडेपासून सुरुवात कर आणि कौलं चढवतात तशी वर ये, म्हणजे वरची पट्टी खालच्या पट्टीच्या टाक्यांवर इंचभर तरी यायला हवी. फक्त वरची कड शिवायची, खालचे यू मोकळे, चालताना तेच हलतात आणि मजा तिथे आहे. तपकिरी, करडा, साय, मोहरी असे तीन-चार रंग असूदेत, ओळीने लावले नाहीस तरी चालेल, उलट जरा विस्कळीत असलं तर पक्षी वाटतो. शिलाई म्हणजे दुहेरी दोरा आणि साधा धावदोरा, दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका घे म्हणजे एके ठिकाणी दोरा तुटला तरी अख्खी ओळ उसवणार नाही. रंग दिसेल म्हणून घाबरू नकोस, पिसांखाली सगळं झाकतं. दोन-तीन संध्याकाळी टीव्हीसमोर बसून होतं हे काम.

हुडीच्या पुढच्या भागाला घुबडाची छाती लागते. तिथे मी एक लाड करते, खणाचे तुकडे. ब्लाउजमधून उरलेले असतात ना, ते. खणाचे धागे फार सुटतात म्हणून आधी त्याला मागून इस्त्रीने चिकटवायचं फ्यूझिबल वेब लावून घे, मग यू आकाराची पिसं काप, कडा धरून राहतात. ही इस्त्री टेबलावरच खणावर फिरवायची आणि ती पिसं हुडीवर हाताने टाचायची, फ्लीसवर किंवा पॉलिएस्टर हुडीवर गरम इस्त्री गेली की कापड चकाकतं नाहीतर वितळतंच. झिपवर मात्र पिसं येऊ देऊ नकोस, दोन्ही बाजूंना वेगवेगळी लाव, नाहीतर ऐन दारात झिप पिसात अडकते आणि पोर आत घामाघूम.

चेहरा येतो टोपीवर. पांढऱ्या फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या जाडसर कापडाचे, साडेतीन इंचांचे दोन गोल, त्यावर पिवळे जरा लहान, त्यावर काळे, आणि मधे केशरी चोच, टोपीच्या पुढच्या काठावरून थोडी खाली लोंबणारी. कानांशी दोन त्रिकोणी झुपके. इथे एक गोष्ट अगदी पाळ, डोळ्यांची जागा टेबलावर ठरवू नकोस. टोपी सपाट पसरून डोळे लावले की डोक्यावर घातल्यावर ते आकाशाकडे बघतात. पोरीच्या डोक्यावर टोपी चढव, समोर चार पावलं मागे जा, आणि खडूने खूण कर, कपाळाच्या जरा वरच ती जागा येते. आणि टोपी डोळ्यांवर घसरू नये म्हणून आतून, कानांच्या वर, दोन टिकटॉक पिना शिवून टाक, केसांत टच्च बसवल्या की पळालं तरी टोपी जागची हलत नाही. हीच युक्ती कुठल्याही कानवाल्या टोपीला चालते, मांजर, अस्वल, ससा, ड्रॅगन, काहीही कर.

मास्क नको म्हणते मी. बाजूचं दिसत नाही, श्वासाने आत ओलं होतं, आणि बऱ्याच शाळांत चालतही नाही. रंग लावायचाच तर पाण्याने निघणारा फेस पेंट, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघ, गालावर दोन-चार पिसं काढली की पुरे.

रोबोकडे येऊ. सगळे पहिल्यांदा एक अख्खा खोका घेतात, डोक्याला आणि हातांना भोकं पाडतात आणि पोराला आत घालतात, आणि तो घरात फारच भारी दिसतो. मग तो खोका दारातून आडवा जात नाही, पायऱ्या चढताना गुडघे आदळतात, पायाखालचं दिसत नाही, जाकीट आत मावत नाही आणि गाडीत बसता येत नाही. त्यापेक्षा दोन पाट्या कर. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एक छातीवर एक पाठीवर, खांद्यावरून जुन्या सॅकचे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना कमरेशी इलॅस्टिक. उंची मोजायची खांद्यापासून कमरेच्या हाडापर्यंत, त्याच्या खाली नाही, नाहीतर बसताना पाटी वर सरकून हनुवटीला लागते. माप जाकीट घालूनच घे, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे टी-शर्टवर माप घेतात. समोरून हा पूर्ण खोक्याइतकाच रोबो दिसतो, आणि काढायचा म्हटलं तर डोक्यावरून दोन सेकंदांत निघतो.

स्वयंपाकघरातला फॉइल पहिल्या कोपऱ्यावरच फाटतो. हार्डवेअरच्या दुकानात डक्टला, म्हणजे हीटिंगच्या हवेच्या नळीला, लावायची ॲल्युमिनियमची टेप मिळते ती घे, नाहीतर सरळ चंदेरी डक्ट टेप. कडांना तर लावायचीच, कारण पुठ्ठ्यात पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून, आणि ऑक्टोबरमधला बारीक पाऊस किंवा भुरभुर बर्फ असला की उघड्या कडेचा पुठ्ठा अर्ध्या वाटेत लोंबायला लागतो. ॲल्युमिनियम टेपची कापलेली कड धारदार असते, ती आत दुमडून टाक, पोराच्या मानेशी येईल तिथे वर साध्या कापडी टेपचा एक थर दे. बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं, अंड्यांच्या ट्रेचे कप, जुन्या रिमोटचं तोंड, हे काम त्यालाच करू दे, आठ वर्षांच्या मुलाला नुसता बसवून ठेवलंस तर ३० तारखेला तो म्हणेल मला आता डायनासोर व्हायचंय. दिवे लावणार असशील तर पेन्सिल सेलवर चालणारी माळ घे. नाण्यासारख्या चपट्या सेलवाली नको, घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते आणि ते काही तासांत होतं. डोक्याला खोका नको, लोकरीची करडी टोपी आणि त्यावर पाइप क्लीनरच्या, म्हणजे लव लावलेल्या वाकणाऱ्या तारांच्या, दोन अँटेना.

हॉट ग्लूबद्दल विचारलंयस. पुठ्ठ्यावर झाकणं चिकटवायला बरा, तेही कमी तापणारी गन घेऊन आणि गन तुझ्या हातात. कापडाला नको. थंडीत तो ग्लू कडक होतो, वाकला की तडकतो, आणि ज्या ज्या आईने एका रात्रीत सगळं हॉट ग्लूने केलंय तिच्या मागोमाग फुटपाथवर पिसं पडत आलेली मी बघितलीयेत. कापडाला सुई-दोराच, फारच घाई असेल तर फॅब्रिक ग्लू आणि रात्रभर वाळवण.

दिसण्याचं मात्र गंभीरपणे घे. तपकिरी घुबड अंधारात ड्रायव्हरला दिसतच नाही, आणि आपल्या बऱ्याच सबर्बांत फुटपाथही नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या बालरोगांच्या जर्नलमध्ये १९७५ ते २०१६ पर्यंतच्या अपघातांचा अभ्यास छापून आला होता, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आजूबाजूच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला, आणि सगळ्यात जास्त फरक ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये, म्हणजे नेमकी तुझीच दोघं. गाडीचा उजेड पडला की चमकणारी, शिवायची रिफ्लेक्टिव्ह टेप मिळते, ती पंखांच्या मागच्या कडेला एक पट्टी, बाह्यांच्या टोकाला, रोबोच्या पाठीवर हवी तेवढी कारण रोबोला ती शोभूनच दिसते, आणि चॉकलेटच्या पिशवीवर. पिशवी म्हणून जुना उशीचा अभ्रा दे, प्लॅस्टिकच्या भोपळ्याच्या आकाराची बादली मिळते तिचं हँडल भरल्यावर निखळतं.

आगीचंही एकदा सांगते, कारण आपल्या घरांत जुन्या ओढण्या आणि साड्या भरपूर आणि हात तिकडे पटकन जातो. जॉर्जेट, नेट, नायलॉन, सिंथेटिक शिफॉन हे लोंबते ठेवून मुलांच्या कॉस्च्युमला वापरू नकोस, पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. इथे लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांना आगीचे कडक नियम आहेत, साध्या कपड्यांच्या कापडाला तेवढे नाहीत, म्हणूनच दुकानात फ्लीसच्या ठाणावर मुलांच्या नाइटवेअरसाठी वापरू नये असं लिहिलेलं दिसतं. फ्लीसही पेटतोच, म्हणून मी पंख आखूड आणि अंगासरशी ठेवते. आणि हो, लेहंगा घालून प्रिन्सेस हा सोपा मार्ग बऱ्याच जणी सुचवतील. पोरीला स्वतःला हवा असेल तर घाल बापडी, पण त्याचा घेर पायऱ्यांवरच्या भोपळ्यांच्या उंचीवर येतो आणि आत थर्मल घातली की नेफा बसत नाही.

गाडीने दुसऱ्या भागात फिरायला जाणार असाल तर कार सीटचे पट्टे लावताना पंख मनगटातून काढून बाजूला, पाट्या डिकीत, आणि जाड जाकीटही अंगातून काढायचं, इथले बालरोगतज्ज्ञ फुगीर काहीही पट्ट्यांच्या आत नको म्हणतात कारण धक्का बसला की ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. उतरल्यावर चढव.

शाळेचं आधी विचारून घे. काही शाळांत परेड असते, काहींत नुसती फॉल पार्टी आणि कॉस्च्युमला बंदी, काहींत पुस्तकातलं पात्र होऊन या म्हणतात, खोटी हत्यारं आणि रक्त जवळजवळ कुठेच चालत नाही. पाच वर्षांच्या मुलीला शाळेत एकटीने बाथरूमला जाता यायला हवं, म्हणून अख्खा वन-पीस मी त्या वयाला कधी शिवत नाही. तुझं घुबड म्हणजे हुडी आणि साधी पँट, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

सामानाचं सांगायचं तर जोॲन ही कापड आणि शिवणकामाच्या सामानाची साखळी, तिची दुकानं २०२५ मध्ये सगळी बंद झाली, त्यामुळे फ्लीससाठी हॉबी लॉबी, वॉलमार्टचा कापडाचा कोपरा नाहीतर मायकल्स बघ, हॉबी लॉबी रविवारी बंद असतं तेव्हा शनिवारी जा. या शनिवारी हुडी आणि कापड, त्या आठवड्यात पंख, पुढच्या आठवड्यात टोपी आणि पाट्या, आणि हॅलोविनच्या आधीच्या वीकेंडला दोघांना सगळं घालून, जाकिटासकट, अर्धा तास बाहेर चालवून आण. मॉल, लायब्ररी, ऑफिस, सगळीकडे आधीच काहीतरी असतंच, आणि वेळ असेल तर अनोकाला जा, मिनियापोलिसच्या उत्तरेला आहे, स्वतःला जगाची हॅलोविन राजधानी म्हणवतं, तिथली परेड १९२० मध्ये सुरू झाली, पोरांनी त्या रात्री गावभर उपद्व्याप करू नयेत म्हणून. उसवायचं असेल ते तिथेच उसवेल आणि तुला दुरुस्तीला दिवस मिळतील. ३१ ला खिशात चार सेफ्टी पिना, सुई-दोरा आणि डक्ट टेपचा छोटा गुंडाळा ठेव.

नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही, खर्चाच्या हिशेबाने घरचं स्वस्त पडतंच असं नाही, हुडी, फ्लीस, फेल्ट, टेप मिळून दुकानातल्या पाकीटबंद कॉस्च्युमइतकं सहज होतं, नुसते पैसे वाचवायचे असतील तर थ्रिफ्टमधून गेल्या वर्षीचा कुणाचातरी उचलून आण, त्यात कमीपणा नाही. पण पाकिटातला तो पातळ पॉलिएस्टरचा सूट जाकिटावर चढत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचं काही करता येत नाही. घुबडाची हुडी मात्र पंखांची मानेची शिवण उसवलीस की राहते, डोळे-चोचीसकट, आणि पोरगी ती थंडीभर घालते. धुताना उलटी करून थंड पाण्यात, ड्रायरमध्ये टाकू नकोस, फेल्टचे डोळे सुरकुततात, नुसती खुर्चीच्या पाठीवर वाळत घाल.